ओबाईचा सडा

फार वर्षांपूर्वी, केळंब्याच्या सड्याला जेव्हा नावसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही हकीकत. किती वर्षं झाली ते विचारू नका. गावातल्या चौघांना विचाराल तर चार उत्तरं येतील, आणि चौघंही आपापल्या उत्तरावर ठाम असतील.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. त्याच्या एका टोकाला केळंबं, दुसऱ्या टोकाला दाभणं आणि मध्ये दोन-अडीच कोस नुसता काळा दगड. त्यावर झाड नाही, बांध नाही, खुणेला एखादं देऊळ नाही. उन्हाळ्यात केळंब्याच्या टोकाला उभं राहिलं की दाभण्याची गुरं मोजता येतात. पण आषाढात ढग या कातळावर येऊन बसतात ते भाद्रपद सरेपर्यंत उठायचं नाव घेत नाहीत. मग पुढे केलेला आपलाच हात दिसत नाही. माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि तो फिरून फिरून त्याच डबक्यापाशी येतो. लोक म्हणत, चकव्यानं धरलं.

आता चकवा नुसती वाट चुकवत नाही. तो हाकही मारतो, आणि ओळखीच्या आवाजात मारतो. आईच्या, बापाच्या, धन्याच्या आवाजात नाव घेऊन बोलावतो. आपण ओ दिली की संपलं. मात्र त्याचा दम तोकडा. दोन हाका त्याला जमतात, तिसरी जमत नाही, असं म्हणतात. म्हणून केळंब्यात रीत पडली होती, की तिसऱ्या हाकेवाचून ओ द्यायची नाही.

रीत होती सड्यावरच्या हाकेसाठी, पण हळूहळू ती घरात शिरली. आई चुलीपाशी बसून लेकराला तीनदा हाक मारी आणि लेकरू तिसऱ्या हाकेला जागचं हले. दारात आलेला पाहुणा दोनदा ओरडून दमला, तर आतली माणसं श्वास धरून बसत. दाभण्याचे लोक हसत. ‘केळंब्याला आग लागली तर तीनदा सांगा रं, न्हायतर इझवायला कुणी उठायचं न्हाय,’ असं म्हणत. केळंब्याची माणसं ते ऐकून घेत. सड्यावर राहिलेली आपली माणसं त्यांना आठवत.

अशा गावात गोजरा लग्न होऊन आली. ती खालच्या खोऱ्यातली. तिकडे हाक आली की ओ द्यायची, एवढंच तिला ठाऊक. सासरचं घर गावातलं शेवटचं, घराची मागची पडवी संपली की सडा सुरू. घरात नवरा हैबती आणि सासू मंजाबाई, एवढीच माणसं. पहिल्याच दिवशी सासूनं हाक मारली आणि गोजरानं लगेच ओ दिली. मंजाबाई उठून आली आणि तिनं सुनेच्या तोंडावर हात ठेवला.

“इथं असं न्हाय गं पोरी. तिसरी येऊ दे.”

“आत्याबाई, तुमी तर म्होरंच बसलाय की.”

“म्हून काय झालं? तोंडाला सवय नगं?”

गोजराच्या तोंडाला सवय लागली. वर्षभरात ती केळंब्याची झाली.

हैबती कमी बोलणारा माणूस होता. बायकोला नावानं हाक मारायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि हा तर आई घरात असली की ‘अगं’ म्हणायलाही बिचकायचा. नुसता खाकरायचा. पाणी हवं असेल तर एक खाकरणं, जेवायला वाढ म्हणायचं तर दुसरं. गोजराला ती सगळी पाठ झाली होती. लग्नाला पाच वर्षं झाली, पण आपलं नाव याच्या तोंडून कसं ऐकू येईल, हा विचारही कधी तिच्या मनात आला नाही.

पाचव्या वर्षी श्रावण उतरणीला लागला होता. कापणीच्या आधी विळे पाजवून आणायचे म्हणून हैबती दाभण्याच्या लोहाराकडे निघाला. सकाळी सडा उघडा होता. ‘दिवे लागायच्या आत येतो,’ असं तो आईला म्हणाला, म्हणजे बायकोनं ऐकावं म्हणून म्हणाला, आणि गेला. दुपारी ढग उतरले.

तिसरा प्रहर असेल. गोजरा पडवीत नाचणी निवडत होती. मंजाबाई शेजारी बसून दावं वळत होती. तेवढ्यात सड्याच्या अंगानं हाक आली.

“गोजरा.”

गोजरा अर्धी उठली. मंजाबाईनं तळहात वर केला. दोघी तशाच थांबल्या.

“गोजरा.”

ही पहिलीपेक्षा जरा बारीक होती, की जरा लांबची, ते कळलं नाही. मंजाबाईचा हात अजून वरच होता. वळचणीचं पाणी गळत होतं. गोजराच्या मुठीतली नाचणी घामानं ओली झाली. तिसरी हाक आलीच नाही.

“त्यो न्हवं,” मंजाबाई म्हणाली. तिनं हात खाली घेतला. “हैबती तुला नावानं कवा हाक मारतो?”

ते खरंच होतं. गोजरा खाली बसली. ती नुसत्या सासूच्या हातामुळे बसली नाही, एवढं लक्षात ठेवा. तिच्याही मनात तेच आलं होतं. तो आवाज नवऱ्याचा वाटला होता आणि त्या आवाजातलं नाव परकं वाटलं होतं.

हैबती आला नाही. दोन दिवस ढग हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सडा उघडला, तेव्हा तो घरापासून सव्वाशे पावलांवर सापडला. पाय कातळाच्या भेगेत अडकून मोडला होता. अंग गारठून गेलं होतं. तोंड घराकडे नव्हतं, भलतीकडेच होतं. पाजवलेले पाच विळे धडप्यात बांधून मांडीवर नीट ठेवले होते.

दहावं झालं, तेरावं झालं. आणि गोजराच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. ती हाक त्यांची होती का?

सड्यावर ऊन पडल्यावर ती दाभण्याला गेली आणि लोहाराला विचारलं, ते इथून निघाले कधी? लोहार म्हणाला, भाकरी खाऊन भर दुपारी निघाला. म्हणजे तिसऱ्या प्रहरी तो घराजवळ पोचलेला असणार. म्हणजे हाक त्याचीच. पण लोहाराची बायको आतून म्हणाली, काहीतरीच काय सांगता, ढग जरा पातळ होऊ दे म्हणून तो गुरं परतेपर्यंत इथंच ओट्यावर बसला होता. म्हणजे तिसऱ्या प्रहरी तो सड्यावर नव्हताच. मग नाव घेतलं कुणी? आणि तो मागाहून येऊन भेगेत अडकला, तेव्हा त्यानं हाक मारली की नाही? मारली असेल तर ती ऐकू कशी आली नाही?

गावच्या गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, आवाज हैबतीचा होता पण हाक चकव्याची होती. याचा अर्थ गोजराला मुळीच लागला नाही. सासूला विचारलं की ती एकच म्हणे, “त्यो न्हवता.” आणि दुसऱ्या कामाला लागे.

गोजरा तीनदा दाभण्याला गेली. दर वेळी लोहार थोडं निराळं सांगायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं भाता थांबवला, घाम पुसला आणि तो म्हणाला, “बाई, तुला काय सांगू म्हंजी बरं वाटंल? तसं सांगतो.”

कुठलं उत्तर हवंय, हे तिला सांगता येईना. ती हाक त्याची होती असं ठरलं, तर आपण बसून राहिलो. ती त्याची नव्हती असं ठरलं, तर पाच वर्षांत त्यानं आपलं नाव एकदाही घेतलं नाही. ती तशीच परत आली. पुन्हा दाभण्याला गेली नाही.

पुढच्या आषाढात ढग उतरले. मंजाबाई चुलीपाशी पेज ढवळत होती, गोजरा उंबऱ्यात बसली होती. सड्यावरून हाक आली.

“दादा. दादा रं.”

पहिलीच हाक. गोजरानं तोंड उघडलं आणि ओ दिली.

मंजाबाईच्या हातातला पळा खाली पडला. गोजरानं घरातली सगळी दावी काढली, एकमेकांना गाठी मारल्या, एक टोक पडवीच्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि ओ देत देत ती ढगात शिरली. दावं ताणलं गेलं, सैल झालं, पुन्हा ताणलं. मग ती परतली तेव्हा तिच्यामागे एक कासार होता. डोक्यावरचा बांगड्यांचा भारा तसाच, दातावर दात आपटत होते.

ऊब आल्यावर कासारानं भारा सोडला. या बाईला काहीतरी दिलंच पाहिजे, असं त्याला वाटलं. मग त्याचं लक्ष तिच्या मोकळ्या मनगटांकडे गेलं. तो भारा पुन्हा बांधू लागला आणि त्याच्या हातून गाठ बसेना.

“ऱ्हाऊ दे,” मंजाबाई म्हणाली. “आधी पेज पी.”

गोजरानं विचारलं, “तू दादाला बोलवत व्हतास. ओ बाईमाणसाची आली तरी आलास कसा?”

“बाई,” कासार म्हणाला, “तवा ओ कुनाची हाय ते कोन बघतंय?”

दुसऱ्या दिवशी गुरव चार माणसं घेऊन दारात आला. पहिल्या हाकेला ओ दिलीस, आता चकव्याला गावाची वाट कळली, असं तो म्हणाला.

“मग येऊ दे की,” गोजरा म्हणाली. “त्येलाबी पेज वाढीन.”

कुणी हसलं नाही. त्या पावसाळ्यात त्या घरातला विस्तव कुणी नेला नाही, की त्या घरी कुणी काही मागायला आलं नाही. तरीही सड्यावरून हाक आली की गोजरा ओ देई, कमरेला दावं बांधून आत जाई आणि माणूस घेऊन येई. कधी वाटसरू असे, कधी औषधाला झाडपाला शोधणारा. एकदा तर खुद्द गुरवाचा मेहुणा निघाला. तेव्हापासून गुरव तिच्या दारावरून जाताना खाली बघून जाऊ लागला.

मंजाबाई मात्र गप्प असे. सुनेची प्रत्येक ओ तिला आपल्या त्या दिवशीच्या वर केलेल्या हातावर बसल्यासारखी वाटे. दोघी एका चुलीवर रांधत आणि निरनिराळ्या वेळी जेवत.

असा दुसरा श्रावण आला. मंजाबाईची कालवड सड्यावर गेली होती, तिला आणायला म्हातारी गेली आणि ढग उतरले. गोजरा जात्यावर बसली होती. हाक आली, एकच.

“हैबती.”

जातं थांबलं. त्या नावाच्या हाकेला ओ द्यायला त्या घरात आता कुणी नव्हतं. आणि बायकोनं ते नाव ओठावर घ्यायचं नसतं, मग त्या नावाला ओ तरी कशी द्यायची? गोजराला काही उमजेना. पण ती विचार करत होती तोवर तिच्या तोंडून ओ गेलीसुद्धा होती.

म्हातारी त्याच भेगेपाशी बसलेली सापडली. गोजरानं तिला पाठुंगळी घेतलं. घरी आणून कोरडं लुगडं नेसवलं, पाय शेकले. मग मंजाबाई बोलली.

“म्या हैबतीला हाक मारली, आन् ओ तुजी आली.”

“व्हय.”

“त्या दिशी त्यो व्हता का न्हवता, मला ठावं न्हाय गं. म्या उगं ठावं हाय म्हून सांगत आले.”

“मलाबी ठावं न्हाय, आत्याबाई.”

मंजाबाईनं सुनेकडे बघितलं. मग म्हणाली, “भाकरी टाक. दोगींची टाक.”

त्या दिवशी दोघी शेजारी बसून जेवल्या. उत्तर काही मिळालं नव्हतं, फक्त ते माहीत नसलेल्या आता दोघी होत्या. तेव्हापासून ढग उतरले की एक कामाला उठे आणि दुसरी पडवीत कान देऊन बसे.

पुढे काय काय झालं, ते ज्याला जसं आठवतं तसं तो सांगतो. गोजराला दाव्याची गरज उरली नाही, असं म्हणतात. ती डोळे मिटून सड्यावर चाले आणि भेगा तिच्या पावलांपुढे मिटत. तिची ओ वाऱ्याच्या उलट जाई आणि दाभण्याच्या पलीकडच्या उतारावरही ऐकू येई, असं म्हणतात. कुणी आईला हाक मारो, कुणी देवाला, कुणी हरवलेल्या म्हशीला, ती सगळ्यांना ओ देई. एकदा एका मुक्या माणसाला तिनं आणलं. त्यानं हाक मारली कशी आणि हिला ऐकू आली कशी, हे दोघांपैकी कुणीच सांगू शकलं नाही. आणि असंही म्हणतात, की एका श्रावणात चकव्यानंच हाक मारली, हिनं ओ दिली, आणि तो तिच्या मागोमाग पडवीपर्यंत येऊन पेज पिऊन गेला. त्यानंतर तो दिसला नाही. हे खरं मानायचं की नाही ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

पोरं तिला ओबाई म्हणू लागली. मग मोठी माणसंही म्हणू लागली. मंजाबाई गेली, गुरव गेला. गोजराचे केस पांढरे झाले.

त्या दिवशी तिच्या पडवीत शेजारच्या चौघी बायका बसल्या होत्या. कुणी वाल सोलत होती, कुणी गोधडीला टाका घालत होती. बाहेर ढग होते. ओबाईनं एकाएकी मान वर केली.

“कोन म्हनालं?”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणी काही ऐकलं नव्हतं. त्यांतली अनसा म्हणाली, मला काहीतरी ऐकू आलं. मग म्हणाली, नाही आलं. पुढे मरेपर्यंत ती कधी हे सांगे, कधी ते.

ओबाईच्या कानात मात्र तिचं नाव होतं. गोजरा. त्या गावात तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते नाव घेणारा तो आवाज तिनं आधी दोनदाच ऐकला होता, आणि त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत आठवून आठवून तो पार झिजून गेला होता. हा तोच, की दुसरा, की सडाच बोलला, की आपणच म्हातारपणी आपलं नाव आठवतोय, तिला सांगता येईना. तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळलं नाही.

“ओ,” ती म्हणाली, आणि उठली.

“आजी, दुसरी तरी येऊ दे,” गोधडीवाली म्हणाली.

“कशाला?”

ती पडवी उतरली आणि ढगात गेली. चौघी दारात उभ्या राहिल्या. ओबाईची ओ थोडा वेळ ऐकू येत होती. मग एका बाजूनं यायची ती दोन बाजूंनी यायला लागली, आणि मग सगळा सडाच ओ देतोय असं वाटलं. असं म्हणतात.

ढग उघडल्यावर गावानं सडा पालथा घातला. काही सापडलं नाही. कुणी म्हणतात, ती पलीकडच्या कड्यावरून खाली गेली. कुणी म्हणतात, ती कातळाच्या भेगेत राहते. एक म्हातारा आहे, तो म्हणतो हे सगळं लोकांनी रचलंय, ओबाई आपल्या घरात तापानं गेली आणि माझ्या आज्यानं तिला खांदा दिला. त्यालाही कुणी खोटं म्हणत नाही.

पुढे मोजणीचे लोक आले. या कातळाला काय म्हणता, असं त्यांनी विचारलं. ओबाईचा सडा, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. ओबाई कोण, असं विचारल्यावर सगळे एकदम बोलू लागले. कारकुनानं थोडा वेळ ऐकलं, मग नाव तेवढं लिहिलं आणि साखळी उचलून पुढे गेला. नकाशात आजही तेवढंच आहे. सड्यावर तिचं देऊळ नाही. बांधायचं एकदा ठरलं होतं, पण जागा कुठली, यावर गावाचं एकमत झालं नाही.

पण केळंब्यात आता पहिल्या हाकेला ओ मिळते. लांबच्या फाट्यावर उभं राहून तुम्ही सहज कुणाचं नाव घ्या, ज्याला ऐकू येईल तो ओ देईल. तुम्ही बोलावलेला माणूस तो नसला तरी देईल.

आणि एक गोष्ट फक्त केळंब्यातच होते. लग्न लागून वरात घरी आली, की माप ओलांडायच्या आधी नवऱ्या मुलाला सड्यावर सव्वाशे पावलं पाठवतात. नवरी दारात थांबते. तिकडून त्यानं तिला नावानं हाक मारायची, नुसत्या नावानं, आणि तिनं इथून ओ द्यायची. मग ती आत येते. असं का करतात, विचारलं तर तिथल्या बायका म्हणतात, अहो, आवाज ओळखीचा करून ठेवायचा, म्हणजे पुढं घोळ नको.

मुलगे लाजतात. सगळं गाव ऐकत असतं. गेल्या वैशाखात एक असाच गेला, बाशिंग सावरत उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं रं,” त्याची चुलती ओरडली. “भित्रा हाय का काय? बायकू हाय ती, फौजदार न्हवं.”

हशा पिकला. तो पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून नवरीची ओ गेली. त्यानं नाव धड घेतलंही नव्हतं. तिला ते ऐकू आलं होतं का, असं तिला नंतर पुष्कळांनी विचारलं. ती म्हणाली, मला नक्की सांगता येणार नाही.

बायकांनी तिला आत घेतलं.